हलकं म्हणजे नेमकं काय काढलं?

'हलकं' हा शब्द मराठीत मोठा फसवा आहे बघा. जेवण हलकं असलं की बरं वाटतं. मन हलकं झालं तर आणखीच छान. पण साडी हलकी निघाली, की आत्याचं तोंड वाकडं झालंच म्हणून समजा. लिनक्सच्या जगात 'लाइटवेट डिस्ट्रो' नावाचा जो प्रकार आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

(घरच्या मंडळींसाठी खुलासा: संगणक चालवणारी विंडोज जशी एक व्यवस्था, तशीच लिनक्स ही दुसरी. ती फुकट मिळते आणि तिचे शेकडो अवतार आहेत. प्रत्येक अवताराला डिस्ट्रो म्हणतात. त्यातले काही मुद्दाम जुन्या, अशक्त संगणकांसाठी बनवलेले असतात, ते हलके. आता जांभया न देता पुढे वाचा, शेवटी मामांची गोष्ट आहे.)

असे हलके डिस्ट्रो जुन्या-नव्या संगणकांवर चढवून बघणं, हा माझा वीसेक वर्षांचा नाद. आमच्या या पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात तो फारसा विचित्र मानला जात नाही. भोसरीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये डोकावलात तर वडिलांच्या काळातली लेथ मुलगा तितक्याच निगुतीने चालवताना दिसेल. बेअरिंग बदललं, ऑइल दिलं, की झालं. कारखान्यात एखाद्या मशीनला जोडलेला संगणक तर पंधरा-पंधरा वर्षं जागचा हलत नाही. ज्या गावात यंत्र दुरुस्त करून वापरायची सवय आहे, तिथे घरातला संगणक पाच वर्षांत टाकून द्यायचा, हे मनाला पटत नाही.

लोक नवा डिस्ट्रो तपासताना तो किती सेकंदांत सुरू होतो, मेमरी किती खातो, हे बघतात. मीही बघतो. पण त्याआधी माझी एक परीक्षा असते. एक कोरी फाइल उघडायची आणि तिच्यात दोन नावं बघायची: 'रावेत' आणि 'पिंपरी-चिंचवड'. पहिलं माझं गाव, दुसरी आमची महापालिका. ही दोन नावं नीट दिसतात का, यावरून त्या डिस्ट्रोने हलकं होण्यासाठी काय काय काढून टाकलं आहे, ते बरंचसं कळतं. कसं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

* * *

१९९१ हे वर्ष गमतीदार आहे. त्या वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहोत. त्याच्याकडचा संगणक ३८६ जातीचा, ३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी ४ एमबी. म्हणजे लिनक्स जन्मालाच आलं ते हलकं. वजन नंतर चढलं, आपल्यासारखंच.

त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचं 'इस्की' हे प्रमाण भारतीय मानक म्हणून मंजूर झालं. आणि त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला. चारही गोष्टी एकाच वर्षातल्या, पण त्यातल्या लिनक्सची आणि देवनागरीची नीट गाठ पडायला पुढची दहा-बारा वर्षं गेली.

त्या काळात संगणकावर देवनागरी म्हणजे अक्षरशः वजन होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम १९८८च्या सुमारास पुण्याला सी-डॅकमध्ये आलं, आणि त्यातून 'जिस्ट कार्ड' मिळू लागलं. हे कार्ड संगणकाचा डबा उघडून स्लॉटमध्ये बसवायचं, मग डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी उमटायची. इंग्रजी संगणकासोबत यायची, मराठी मात्र वेगळी विकत आणून बसवावी लागायची. हा फरक लक्षात ठेवा. पुढे कार्ड गेलं, पण मराठी म्हणजे 'वरून बसवायची गोष्ट' ही समजूत काही गेली नाही.

आपल्याकडे लिनक्स पोचलं ते बहुतेकांच्या घरी मासिकाबरोबर. 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६पासून लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली होती. डायल-अपच्या जमान्यात सहाशे-सातशे एमबी कोण उतरवणार? मग ती सीडी मित्रांमध्ये फिरायची, ओरखडे पडून निकामी होईपर्यंत. २००५नंतर उबुंटूवाले जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे. हे २०११पर्यंत चाललं. पोस्टमनने आणून दिलेलं ते परदेशी पाकीट आईने 'नोकरीचं आहे का रे?' म्हणून कौतुकाने हातात घेतलेलं मला आठवतंय.

पण तोवर लिनक्स सुटायला लागलं होतं. मोठ्या डिस्ट्रोंना घरातली जुनी पेंटियम पेलवेना. मग हलक्यांची पिढी आली. जर्मनीच्या क्लाउस क्नोपरने २०००मध्ये क्नॉपिक्स काढलं: हार्ड डिस्कला हातही न लावता सरळ सीडीवरून चालणारं. ऑस्ट्रेलियात बॅरी कॉलर यांनी २००३मध्ये 'पपी' काढलं, ते आख्खं मेमरीत जाऊन बसायचं आणि म्हणून जुन्या संगणकावरही टुणटुण उड्या मारायचं. आणि क्नॉपिक्समधूनच जॉन अँड्र्यूज यांनी 'डॅम स्मॉल लिनक्स' कोरून काढलं. त्याची अट एकच, सगळं मिळून ५० एमबीच्या आत. का, तर व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या सीडीवर तेवढंच मावायचं. ४८६ संगणक आणि १६ एमबी मेमरी असली तरी ते चालायचं. आत ब्राउझर, लेखनाची सोय, गाणी, सगळं. ५० एमबीत! आज एखाद्या बँकेचं मोबाइल ॲपसुद्धा त्याहून जड असतं.

मी तेव्हा निगडी प्राधिकरणात राहायचो. रावेत म्हणजे तेव्हा पवनेवरचा बंधारा आणि आजूबाजूला शेतं. ते १९९७मध्ये महापालिकेत आलं होतं. आख्खं शहर प्यायचं ते याच बंधाऱ्यावरून निगडीला उपसून नेलेलं पाणी, पण गावाचं नाव मात्र कित्येकांना माहीत नसायचं. आज इथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि तो बास्केट ब्रिज आहे, आणि मी त्यातल्याच एका इमारतीतून हे लिहितोय.

तर, जुन्या पेंटियमवर डॅम स्मॉल लिनक्स चढवलं. काय पळतंय! मग एक मराठी फाँट आत टाकला आणि आपल्या भागातल्या गावांची यादी असलेली एक फाइल उघडली. 'रावेत' झकास. 'वाकड', 'थेरगाव', 'चाकण' झकास. आणि मग 'पिंपरी'च्या जागी दिसलं 'पपिरी'. निगडीची 'नगिडी', चिखलीची 'चखिली', किवळ्याचं 'कविळे'. आकुर्डीच्या डोक्यावरचा रफार खाली उतरून बसला: 'आकुर्‌डी'. दिवसभर घरात सगळे एकमेकांना 'पपिरीला चाललोय, काही आणायचंय का?' असं विचारत होते.

* * *

हसून झाल्यावर कारण शोधलं, आणि ते मला फार बोलकं वाटलं.

आपण 'कि' म्हणताना आधी क् म्हणतो आणि मग इ. युनिकोडमध्येही (आणि त्याआधी इस्कीमध्ये) तोच क्रम साठवला जातो: आधी क, मग वेलांटी. पण कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. म्हणजे कुणीतरी मध्ये उभं राहून ती वेलांटी उचलून पुढे आणून ठेवायला हवी. जोडाक्षरं जुळवायला हवीत, रफार डोक्यावर चढवायला हवा. हे काम करणारा एक वेगळा थर सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. इंग्रजीला तो लागत नाही. ए नंतर बी, बी नंतर सी, रांगेत उभे केले की झालं.

'रावेत'मध्ये काना आणि मात्रा आहेत, पहिली वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. म्हणून ते या थराशिवायही बरं दिसतं. पिंपरी-चिंचवडमध्ये पहिली वेलांटी दोनदा येते. म्हणून ते दोनदा मोडतं. अशी ही माझी परीक्षा.

लिनक्समध्ये जुळणीचा हा थर 'पँगो' या नावाने तयार झाला आणि मार्च २००२मध्ये आलेल्या जीटीकेच्या दुसऱ्या आवृत्तीत (खिडक्या, बटणं, मजकूर काढणारा सामानसुमानाचा संच) तो आतच बसवला गेला. आता ५० एमबीत सगळं कोंबणाऱ्याने काय केलं असेल? जीटीकेची जुनी, पहिली आवृत्ती वापरली. ती लहान होती, चपळ होती. लहान होती याचं एक कारण म्हणजे तिच्यात जगभरच्या लिप्यांची ही भानगडच नव्हती. अगदी योग्य निर्णय. अमेरिकेतल्या माणसाच्या दृष्टीने त्यात काहीच गमावलं नव्हतं.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं, की 'वजन' हा वजनकाट्याचा आकडा नसतो. काय सामान आणि काय अडगळ, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. ठरवणारा दुष्ट नसतो, तो फक्त लांब राहत असतो.

आणि हे फक्त हलक्या लिनक्सचं नव्हतं हं. विंडोज एक्सपी आठवतंय का, जुन्या ब्लॉगर मंडळींनो? तिच्यातही भारतीय लिप्या आधीपासून चालू नसायच्या. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात बरोबरची खूण करायची, मग ती मूळ सीडी मागायची, आणि सीडी कुणाकडेच नसायची. किती जणांनी आपल्या ब्लॉगच्या कोपऱ्यात 'मराठी नीट दिसत नसेल तर असं करा' अशी सूचना लावली होती! लिनक्सवर तर फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती २००८मध्ये येईपर्यंत साध्या ब्राउझरातही वेलांट्या इकडेतिकडे पळायच्या.

* * *

पपीचं प्रकरण वेगळं निघालं. त्यात जुळणीचा थर होता, पण देवनागरीचा एकही फाँट नव्हता. म्हणून 'रावेत' लिहिलं की चौकटी दिसायच्या, आणि प्रत्येक चौकटीत बारीक आकडे: र च्या जागी ०९३०, व च्या जागी ०९३५, त च्या जागी ०९२४. मला ते आवडलं होतं, खरं सांगतो. संगणक प्रामाणिकपणे सांगत होता, 'हे कोणतं अक्षर आहे ते मला माहीत आहे, पण ते काढून दाखवायला माझ्याकडे काही नाही.'

याचा इलाज सोपा होता. एक फाइल आणून ठेवायची. ती फाइल आली कुठून, ही मात्र आपल्या पुण्याची गोष्ट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

फुकट वापरता येईल, वाटता येईल असा भारतीय लिप्यांचा फाँट हे तेव्हा मोठं दुखणं होतं. चांगले मराठी फाँट विकत मिळायचे, पण ते लिनक्सबरोबर वाटता यायचे नाहीत. पुण्यातली मॉड्युलर इन्फोटेक, म्हणजे श्री-लिपीवाले, यांनी मुळात तयार केलेले 'लोहित' हे फाँट रेड हॅटने २००४मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. रेड हॅटच्या पुण्यातल्या कचेरीतल्या मंडळींनी ते पुढे वर्षानुवर्षं सांभाळले, सुधारले. मराठीचा 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे दिसतात, 'दऱ्या'मधला अर्धा र वेगळा काढावा लागतो, असल्या बारीक तक्रारी निस्तरणं हे काही वर्तमानपत्रात येणारं काम नव्हे. पण कुणीतरी ते केलं.

मुंबईत एनसीएसटी या संस्थेने (ती २००३मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली) 'इंडिक्स' नावाचा प्रयत्न केला होता. पडद्यावर चित्र काढणाऱ्या मूळ यंत्रणेतच भारतीय लिप्यांची जुळणी बसवावी, म्हणजे वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला ती आपोआप मिळेल, अशी ती कल्पना. शेवटी जग दुसऱ्या वाटेने गेलं. पँगोसारखे थर टिकले आणि पुढे 'हार्फबझ' नावाची सामायिक यंत्रणा सगळीकडे पसरली. पण तो प्रयत्न मला आजही आदराने आठवतो. मराठी ही वरून बसवायची गोष्ट नसून तळातच असायला हवी, हे तिथे कुणाला तरी कळलं होतं.

आणि लोहितची फाइल केवढी? एका एमबीपेक्षाही लहान. चोवीस तास रडगाणं गाणाऱ्या जुन्या संगणकालाही ती सहज पेलते.

'हलकं हवं असेल तर मराठी सोडा' असं म्हणणाऱ्यांना मी आणखी एक उदाहरण देतो. २००७मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्याशा शाळेत 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचे ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवण अवघी १ जीबी. आत फेडोरा लिनक्स आणि वर मुलांसाठी बनवलेलं 'शुगर'. त्या योजनेचं पुढे देशात काय झालं हा वेगळा विषय, त्यावर मतं पुष्कळ आहेत. पण शुगर जीटीकेच्या नव्या आवृत्तीवर उभं होतं, त्यामुळे जुळणीचा थर आत होता. इतक्या अशक्त यंत्रातही तो मावला, कारण ते बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी न येणारं मूल होतं. कोण वापरणार, हे आधी ठरलं की काय काढायचं ते आपोआप ठरतं.

* * *

आता आजचं बोलू. गेल्या काही महिन्यांत मी तीन यंत्रं टेबलावर मांडून बसलो होतो. एक २००९चा नेटबुक: ॲटम प्रोसेसर, १ जीबी मेमरी, ३२-बिट. दुसरा २०१५चा लॅपटॉप: पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी. तिसरा माझा स्वतःचा नवा.

नेटबुकवर अँटिएक्स चढवलं. अँटिएक्स हा डेबियनच्या कुळातला डिस्ट्रो, २५६ एमबीच्या पेंटियम-थ्रीपासून पुढे चालावा असं ब्रीद असलेला. यंत्रणा स्वतः मजेत चालते. फाइल उघडा, लिहा, गाणी ऐका, तक्रार नाही. पण ब्राउझर उघडून एखादं वर्तमानपत्राचं पान मागवलं की बिचाऱ्याला धाप लागते. घर कितीही हलकं करा, येणारा पाहुणाच हत्तीवर बसून आला तर काय करणार? आजचं वजन ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कमी आणि वेबपानात जास्त आहे. ते कमी करणं तुमच्या-माझ्या हातात नाही.

शिवाय दारंही बंद होताहेत. लिनसने ज्या ३८६वर लिनक्स लिहिलं, त्या ३८६चा आधार लिनक्सच्या गाभ्यातून २०१२च्या डिसेंबरमध्येच काढला गेला. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६मध्ये सोडलं. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली, ती ३२-बिट पीसीवर नव्याने बसवायची सोय सोडूनच. फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती ऑक्टोबर २०२५मधली, १४४ क्रमांकाची. डॅम स्मॉल लिनक्स २०२४मध्ये पुन्हा जिवंत झालं, अँटिएक्सच्याच पायावर. पण ५० एमबीचा हट्ट त्यांनी सोडलाय, आता मर्यादा एका सीडीची, म्हणजे ७०० एमबी. ५० एमबीत आजचं जग मावत नाही, हे त्यांनाही मान्य.

नव्या यंत्राचं उलटंच. तिथे सगळंच पळतं, त्यामुळे हलकं डिस्ट्रो कशाला, असं वाटू शकतं. पण तिथली अडचण वेगळी: नवं वायफाय ओळखायला नवा गाभा लागतो, सिक्युअर बूट आडवा येतो. जुन्यासाठी बनवलेलं हलकं डिस्ट्रो नव्या घरात गेलं की गावाकडच्या माणसासारखं लिफ्टसमोर उभं राहतं. मात्र एकदा का आत शिरलं, की पंखा शांत राहतो आणि बॅटरी जपून वापरली जाते. ते सुख वेगळंच.

आणि मधला, २०१५चा लॅपटॉप? तो मामांचा. मामा हे वाचणार आहेत, तेव्हा जपून लिहितो.

मामा आकुर्डीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. गेली दहा वर्षं ते घराण्याचा इतिहास लिहिताहेत. कोण कुठून कुठे आलं, कुणाची जमीन कुठल्या कारखान्याला गेली, कुणाची विहीर कोणत्या रस्त्याखाली गाडली गेली. सगळं त्या लॅपटॉपवर. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. वर्षभराची वाढीव मुदत मिळते, पण पुढे काय? विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि मामांचा पाचव्या. एका दुकानदाराने सांगितलं, 'फेकून द्या, नवा घ्या.' मामा मला म्हणाले, "अरे, यंत्र ठणठणीत आहे. बटण दाबलं की चालू होतं. मग फेकून काय द्यायचं?" ज्या माणसाने छत्तीस वर्षं प्रेस मशीनची देखभाल केली, त्याला याचं उत्तर काय देणार?

मी पेन ड्राइव्हवर चार हलके डिस्ट्रो नेले. मामा शेजारी खुर्ची घेऊन बसले. वेगाची परीक्षा चौघेही पास. पिंपरी-चिंचवडची परीक्षाही आता बहुतेक सगळे पास होतात, कारण जुळणीची ती यंत्रणा आता सगळीकडे पोचली आहे. दोघांत फाँट नव्हता, तो लोहित टाकून दोन मिनिटांत आला. मला वाटलं, झालं काम.

मामा म्हणाले, "आता लिहायचं कसं?"

मामा इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकतात, गमभनच्या सवयीने. ती सोय चारांपैकी एकातही आधीपासून नव्हती. इन्स्क्रिप्टची कळपाटी तेवढी होती. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता नवी कळपाटी शिका म्हणायचं? वीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा समोर: दिसायची सोय झाली, तर लिहायची सोय अडगळ ठरली. मग 'आयबस' आणि 'एम१७एन' ही दोन पाकिटं वेगळी उतरवून बसवली. त्यात मराठीसाठी चक्क 'गमभन' नावाचाच पर्याय आहे, कुणा भल्या माणसाने करून ठेवलेला. तो निवडल्यावर मामांनी पहिला शब्द टंकला तो गावाचं नाव. मग आजोबांचं.

आणि मग एक जुनी फाइल उघडली, २००३ सालची. तिच्यात पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा. युनिकोडच्या आधीची ती फाँटची मराठी: आत रोमन अक्षरांच्याच जागा वापरलेल्या, वर मराठीचा मुखवटा. तो ठरावीक फाँट असेल तरच वाचता येणारी. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी बघितला. त्या फाइलमध्ये त्यांच्या थोरल्या भावाने सांगितलेल्या आठवणी होत्या, आणि ते आता नाहीत.

फाइल वाचली. जुन्या विंडोजमधून तो फाँट उचलला, मजकूर पडद्यावर आणला आणि रूपांतर करणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधून ती सगळी पानं युनिकोडमध्ये उतरवली. पहिल्या वेलांट्या पुष्कळ ठिकाणी चुकल्या, त्या मामा आता रोज दोन पानं याप्रमाणे हाताने नीट करताहेत. म्हणतात, त्यानिमित्ताने परत वाचून होतंय.

* * *

मामांचा लॅपटॉप अजून चार-पाच वर्षं आरामात जाईल. शेवटी त्यावर जे डिस्ट्रो ठेवलं ते चौघांतलं सर्वांत हलकं नाही. सुरू व्हायला काही सेकंद जास्त घेतं, मेमरीही थोडी जास्त खातं. तो जास्तीचा भार म्हणजे मराठी दिसणं आणि मराठी लिहिणं. मला तो भार वाटत नाही.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा लॅपटॉप कपाटात पडला असेल. भंगारात द्यायच्या आधी पेन ड्राइव्हवर एखादं हलकं डिस्ट्रो टाकून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता चालतं, बिघडणार काही नाही. किती सेकंदांत सुरू झालं ते नंतर मोजा. आधी आपल्या गावाचं नाव लिहून बघा, शक्यतो पहिली वेलांटी असलेलं. तुमचं गाव रावेत असेल, तर शेजारच्या किवळ्याचं नाव उसनं घ्या, ते काही रागवायचे नाहीत.

आणि लोहितसारखे फाँट, गमभनची ती कळपाटी, ही कामं ज्यांनी केली त्यांची नावं आपल्याला बहुतेक कधी कळणार नाहीत. मामांचं पुस्तक छापून होईल तेव्हा ऋणनिर्देशात त्यांच्यासाठी एक ओळ घालायची, असं मामांनी ठरवलंय. कुणाच्या नावे घालायची, एवढं ठरायचं बाकी आहे.